चाकणला नवीन आलेल्या पोट्ट्यांनो, बिनव्याजी हप्त्यावर घेण्याआधी

यवतमाळ-वाशीमकडची पोट्टी इकडे कंपनीत लागली की लवकरच दोन खरेद्या होतात: स्वतःसाठी मोबाईल, आणि दिवाळीला गावी गेल्यावर घरासाठी टीव्ही नाहीतर फ्रिज. दोन्ही हप्त्यावर, दोन्ही बिनव्याजी. माझी ना नाही. पण दारव्हा असो की कारंजा, दुकानाच्या कोपऱ्यात जो फायनान्सवाला पोरगा बसलेला असते, त्याला आधार-पॅन दिलं, फोटो काढू दिला अन् ओटीपी सांगितला, की तुम्ही फायनान्स कंपनीचं कर्ज उचललं असं समजा. दुकानदाराचा त्यात संबंध संपला. ते कर्ज तुमच्या पॅनवर सिबिलमध्ये, म्हणजे कोणी किती कर्ज घेतलं अन् कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, चढते, दहा हजाराच्या मोबाईलचं असलं तरी.

शून्य टक्के आपल्याला नवीन नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर शून्य टक्क्यानं पडते, कारण व्याजाचा भार केंद्र अन् राज्य सरकार उचलते. राज्याचा वाटा पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या सवलत योजनेतून येतो. दुकानातही व्याज असतेच, ते वस्तू बनवणारी कंपनी किंवा दुकानदार सोसतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. आता पाटीवर 'नो कॉस्ट ईएमआय' (बिनखर्ची हप्ता) लिहितात. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: रोख दिले तर कितीला द्याल? सोसलेल्या व्याजाएवढी सूट रोखीला मिळू शकते. मग प्रोसेसिंग फी विचारा. क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो.

आपल्या लोकांचं गाडं अडते ते तारखेवर. गावातला किराणावाला 'कापूस निघाला की देतो' एवढ्यावर थांबतो, त्याला तुमचं वावर माहीत असते. फायनान्सचा हप्ता ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप कापला जातो, अन् शंभर रुपये कमी असले तरी बाउन्स. मग बँक वेगळा दंड लावते, फायनान्स कंपनी वेगळा. हप्ता थकलेलाच राहिला तर सिबिलच्या अहवालात त्या महिन्याच्या चौकटीत ००० ऐवजी किती दिवस थकला तो आकडा बसतो. मागच्या ३६ महिन्यांच्या चौकट्या पुढचा कर्ज देणारा पाहतो.

इथं त्यात आणखी एक भर आहे. ठेकेदार बदलला की पगाराचं खातं बदलते, पण हप्ता जुन्याच खात्याला बांधलेला राहते. पोट्ट्याला कळते ते वसुलीवाल्याचा फोन आल्यावर. म्हणून नवं खातं निघालं की लगेच फायनान्स कंपनीला कळवून हप्ता तिकडे वळवा, अन् तो वळेपर्यंत जुन्या खात्यात हप्त्यापुरते पैसे टाकत राहा. पगार सातला होत असेल तर हप्त्याची तारीख त्यानंतरची मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

दुसरं, नाव कोणाचं. 'तुझ्या नावावर निघते भाऊ, हप्ते मी भरतो', यात पडू नका. दोस्त उद्या सुरतला निघून गेला तरी सिबिल तुमचंच बिघडते. अन् बाबांच्या नावावर टीव्ही तर अजिबात नको. पीककर्जाला सिबिल मागू नका, असं सरकारनं बँकांना वारंवार सांगितलं आहे. तरी ट्रॅक्टर किंवा म्हशींच्या कर्जाला बँक ते पाहतेच. तुमच्या टीव्हीपायी बाबांनी मे महिन्याच्या उन्हात शाखेचे उंबरठे काहून झिजवायचे?

हप्त्यांचा फायदाही आहे. ज्यानं कधीच कर्ज घेतलं नाही त्याचा स्कोअरच (कर्जफेडीच्या नोंदीवरून सिबिल देते तो आकडा) नसतो, ३०० ते ९०० च्या पट्टीवर तो कुठंच दिसत नाही. एक लहान कर्ज वेळेवर फेडलं की नोंद तयार होते, पुढे मोटारसायकलच्या कर्जाला कामी येते. एक म्हणजे एकच. 'बसते का पाहा' म्हणत एकाच दिवशी तीन दुकानांत पॅन दिला, तर तिन्ही चौकश्या अहवालात दिसतात अन् पैशासाठी धावाधाव चालली आहे असा अर्थ निघतो.

शेवटचा हप्ता गेला की फायनान्स कंपनीकडून कर्ज फिटल्याचं ना हरकत पत्र मागून घ्या. कधी थकलंच, अन् वसुलीवाला 'अर्ध्यात मिटवून देतो' म्हणाला, तर हुरळू नका. अहवालात 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीनं मिटवलं, असा शेरा बसतो अन् बँका नाक मुरडतात. उशिरा का होईना, पूर्ण भरा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा फुकट अहवाल देतात. स्वतःचा अहवाल पाहिल्यानं स्कोअर घटत नाही. तालुक्याला नेट कॅफेवाले यासाठी पैसे मागतात, ते देऊ नका. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल तर ज्या कंपनीचा अहवाल आहे तिच्याच साइटवर तक्रार टाका आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.