ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी ठरवताना पानावरचा ओलावा मोजा

निफाड, दिंडोरी आणि नाशिक तालुक्यांतील द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीने वेग घेतला असून परतीचा पाऊस अजून पुरता ओसरलेला नसल्याने, पोंगा (काडीवरील कोवळा कोंब) फुटल्यापासून फुलोरा संपेपर्यंत केवड्याचा, म्हणजेच डाउनी मिल्ड्यू या रोगाचा, धोका कायम राहील. दोडा अवस्थेत, म्हणजे घड फुलोऱ्यात येण्याच्या सुमारास, हा रोग घडावर गेला तर हंगामच हातातून जातो. त्यामुळे ढग दिसताच पंप जोडण्याची सवय समजण्यासारखी आहे, परंतु तिला आता मोजमापाची जोड द्यायला हवी.

केवड्याचे बीजाणू रात्री, आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर असताना, पानाच्या खालच्या बाजूस तयार होतात. मात्र पानावर पाण्याचा थर सलग २ ते ३ तास टिकला, तरच त्यांना पर्णरंध्रांतून आत शिरता येते. म्हणूनच पाऊस किती पडला यापेक्षा पान किती वेळ ओले राहिले हे अधिक महत्त्वाचे ठरते, आणि पाऊस नसतानाही दाट दव पडणाऱ्या बागेत रोग का येतो, याचे उत्तरही त्यातच आहे. तेलकट डाग दिसेपर्यंत संसर्गाला साधारण आठवडा उलटलेला असतो.

स्वयंचलित हवामान केंद्रातील ओलावा मोजणारा सेन्सर हेच तास नोंदवतो. तो शेडच्या छपरावर किंवा बांधावर न बसवता बागेच्या आत, घडांच्या उंचीवर आणि जिथे दव उशिरा सुकते अशा भागात बसवावा. त्यावर औषधाचा थर साचला की नोंद चुकते, त्यामुळे प्रत्येक फवारणीनंतर तो स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावा. सुरुवातीचे काही दिवस सकाळी स्वतः पानाला हात लावून नोंद पडताळावी. मोबाइलवरील आकड्यावर त्यानंतरच विसंबावे.

पावसाचा अंदाज असेल तर आधीच संरक्षक बुरशीनाशक द्यावे. पान बराच वेळ ओले राहिल्याची नोंद आल्यास लेबलवरील मात्रेतच आंतरप्रवाही (पानात शोषले जाणारे) औषध विनाविलंब वापरावे आणि पुढच्या वेळी औषधाचा गट बदलावा. रात्र कोरडी गेली असेल आणि पावसाचा अंदाजही नसेल, तर केवड्यासाठीची ठरलेली फवारणी निर्धास्तपणे पुढे ढकलावी. भुरीची (पावडरी मिल्ड्यू या रोगाची) पाहणी मात्र चालू ठेवावी, कारण तिला पान ओले असण्याची गरज नसते. वाचलेल्या प्रत्येक फवारणीचे मोल औषधाच्या बिलापुरते नाही. बोर्डो या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणातील तांबे विघटन न होता मातीत साचत राहते, आणि ट्रॅक्टरवरील माणूस तेवढा वेळ औषधाच्या धुक्याबाहेर राहतो.

फवारणीसाठी ड्रोनचा आग्रह द्राक्षात सध्या धरू नये, असे आमचे मत आहे. वरून पडणारे थेंब मांडवाखालच्या दाट पानांच्या मागे पोहोचणे कठीण असते, आणि रोग तर तिथूनच शिरतो.

छाटणीनंतरचे पेस्टिंग, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काडीला हाताने औषध लावणे, यंत्राने टळणारे नाही, म्हणून त्याबाबत अधिक काळजी घ्यावी. त्यासाठीचे हायड्रोजन सायनामाइड लावणाऱ्या प्रत्येक मजुराला रबरी हातमोजे आणि चष्मा बागमालकाने स्वतः द्यावा, तसेच पेस्टिंगच्या आधी व नंतर काही दिवस मद्य घेतल्यास गंभीर विषबाधेसारखा त्रास होतो, हे काम सुरू होण्याच्या पुरेसे आधी प्रत्येकाला स्पष्ट सांगावे.