गर्दीत गाडी तापते? आधी फॅन क्लच तपासा

मोकळ्या रस्त्यावर टेम्परेचरचा काटा मधोमध आणि गर्दीत अडकलं की वर चढतो, अशी तक्रार आली की मी रेडिएटर खोलायच्या आधी फॅन क्लच, म्हणजे रेडिएटरच्या पंख्याला गरजेप्रमाणे फिरवणारा जोड, बघतो. गाडी पळत असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर गार ठेवतो. पंख्याची खरी गरज गाडी रेंगाळते तेव्हा. त्यामुळे क्लच ढिला पडला की पहिला त्रास गर्दीतच होतो, आणि त्याच वेळी एसीची हवाही कोमट यायला लागते. याउलट, भरधाव असतानाच गाडी तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय का ते आधी बघा.

हे सगळं इंजिनच्या बेल्टवर फिरणाऱ्या पंख्याबद्दल आहे. मोटरवर चालणारा इलेक्ट्रिक पंखा असेल तर हा क्लच नसतोच. आणि क्लच वायरने कंट्रोल होणारा असेल तर स्कॅनर लावून बघावं लागतं.

क्लचच्या आत दोन भाग असतात. एक चकती बेल्टने फिरणाऱ्या शाफ्टबरोबर फिरते आणि बाहेरच्या बॉडीला पंखा बोल्टने बसवलेला असतो. दोन्हींवर गोल चर पाडलेले, एकात एक अडकल्यासारखे दिसणारे, पण एकमेकांना न टेकणारे. मधल्या बारीक फटीत घट्ट सिलिकॉन ऑइल भरलं की त्याच्या चिकटपणामुळे चकती बॉडीला ओढत नेते. ऑइल कधी भरायचं हे ठरवते पुढच्या तोंडावरची बायमेटलची, म्हणजे दोन धातू जोडलेल्या पट्टीची, गुंडाळी. रेडिएटरमधून आलेली गरम हवा लागली की ती पीळ बदलते, आतली झडप उघडते आणि साठ्याच्या कप्प्यातलं ऑइल फटीत येतं. हवा निवली की झडप मिटते आणि ऑइल परत कप्प्यात जातं. ऑइल कप्प्यात असताना पंखा शाफ्टच्या साधारण 20 ते 30 टक्के वेगाने फिरतो. क्लच पूर्ण धरला तरी थोडी घसरण राहतेच.

तपासणी इंजिन बंद आणि थंड असताना सुरू करा. चावी खिशात ठेवा. आधी डोळ्यांनी बघा: क्लचच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला ऑइलचे ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ असेल तर सील गेलंय. गुंडाळीचं टोक खाचेतून सुटलंय का बघा. पात्याला चीर दिसली तर इंजिन सुरूच करू नका, कारण तुटलेलं पातं बॉनेट फाडून बाहेर येऊ शकतं. मग पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. टोकाशी 6 मिमीच्या आसपास हालचाल चालते. त्याहून फार जास्त असेल तर बेअरिंग झिजलंय, आणि तोच हेलकावा पुढे वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. आता पंखा हाताने फिरवा. सलग, जडसर विरोध जाणवला पाहिजे. झटका देऊन सोडल्यावर तो गरगर फिरत राहिला तर ऑइल गेलंय. अजिबात हलत नसेल तर क्लच जाम आहे.

पण थंडपणी हाताला बरा लागलेला क्लच गरम झाल्यावर धरेलच असं नाही. खरी परीक्षा गरमपणी, आणि ती कानाने करायची असते. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल फटीत उतरलेलं असतं, म्हणून सकाळी सुरू करताच पंखा घोंघावतो आणि मिनिट-दोन मिनिटांत शांत होतो. ही चांगली खूण आहे. तो शांत झालाच नाही तर क्लच जाम आहे, आणि असा पंखा विनाकारण डिझेल-पेट्रोल खातो.

पंखा शांत झाल्यावर रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा लावून हवा अडवा, आरपीएम 2000 च्या आसपास ठेवा आणि काट्यावर नजर ठेवा. रेडिएटरमागची हवा साधारण 75 ते 85 अंशांवर गेली की पंख्याचा आवाज एकदम भरदार व्हायला हवा. गाडीगाडीप्रमाणे हा आकडा थोडा बदलतो. आवाज आला की पुठ्ठा काढा. काटा उतरतो आणि थोड्या वेळाने आवाजही मावळतो. काटा लाल पट्ट्याकडे सरकला आणि पंखा तरी गप्पच असेल, तर पुठ्ठा लगेच काढा. क्लच बदलायचा झालाय. हे करताना पात्यांच्या रेषेत उभं राहू नका, सैल बाह्या आणि ओढण्या लांब ठेवा. फिरता पंखा गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने अडवून बघायची पद्धत काही जण सांगतात. कृपा करून ती करू नका. त्यात बोटं जातात.

क्लच चांगला निघाला तर पंख्याभोवतीचा श्राउड, म्हणजे कडेने बसवलेलं कव्हर, बघा. तो तुटलेला असेल तर पंखा रेडिएटरमधून पुरेशी हवा ओढत नाही, जवळचीच हवा घुसळत राहतो.

नवीन क्लच आणला तर गाडीत बसतो तसाच उभा ठेवा. आडवा ठेवला तर ऑइल गळू शकतं. मधला मोठा नट असेल तर आटे उलटे आहेत की सुलटे, हे मॅन्युअलमध्ये बघूनच पाना लावा. नवा क्लच पहिल्यांदा सुरू करताना थोडा जास्त वेळ घोंघावला तरी घाबरू नका. ऑइल कप्प्यात परतायला तेवढा वेळ लागतो.