‘डी’ कमी आलंय? आधी तीन तारखा लिहून काढा

अमेरिकेत माजी सैनिकांच्या एका दवाखान्यात मी औषधं देते. परवा व्हिएतनाम युद्धातले एक कृष्णवर्णीय आजोबा आले. खिशातून बाटली काढून काउंटरवर ठेवली. व्हिटॅमिन डी, ५०,००० युनिट, आठवड्याला एक, एकूण आठ कॅप्सूल. लेबलवरची तारीख दीड वर्षापूर्वीची, बाटली रिकामी. त्यानंतर ना कुणी बोलावलं, ना रक्त तपासलं. “बरा झालो म्हणून बोलावलं नसेल,” असं ते म्हणाले आणि माझ्या पोटात कालवलं. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ साली काढला. एकाच गणवेशात लढलेल्यांची दवाखान्यात सारखीच काळजी घेतली जायला हवी.

तुमच्या देखभालीत, शेजारात किंवा घरच्या नात्यात असे कुणी असतील, तर त्यांच्यासोबत बसा. व्हीए म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं; त्याच्या ‘माय हेल्दीव्हेट’ या ऑनलाइन सेवेवर तपासण्यांचे रिपोर्ट दिसतात, त्यात ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ (‘डी’ची रक्ततपासणी) शोधा. कागदावर तीन तारखा लिहा: तपासणी केव्हा झाली, डोस केव्हा सुरू झाला, पुन्हा रक्त केव्हा तपासलं. मोठा डोस दिल्यावर साधारण तीन महिन्यांनी आकडा परत बघतात. बहुतेक वेळा तिसरी जागाच रिकामी सापडते. तिथेच बोट ठेवून डॉक्टरांना विचारा.

आता आकड्याबद्दल, कारण इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. दर मिलिलिटरमागे १२ नॅनोग्रॅमच्या खाली गेलं तर कमतरतेचा धोका खरा. आकडा २० असेल तर हाडांसाठी बहुतेकांना तेवढं पुरतं. गडद त्वचेतलं मेलॅनिन अतिनील किरण शोषून घेतं, त्यामुळे ‘डी’ कमी तयार होतं आणि कृष्णवर्णीयांचा सरासरी आकडा खाली येतो. पण त्यांची हाडं सरासरीने जास्त घट्ट असतात, फ्रॅक्चरही कमी होतात. म्हणून नुसता आकडा बघून घाबरू नका. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही केवळ त्वचा गडद आहे म्हणून सरसकट तपासणी करू नका असंच सांगतात. मात्र “यांचं असंच असतं” म्हणून दुखणं झटकून टाकणं मला अजिबात मान्य नाही. मांड्या दुखतात का, जिना चढताना पाय उचलत नाहीत का, पडले होते का, किडनीचा आजार, पोटाची वजन कमी करायची शस्त्रक्रिया, फिट्ससाठी फेनिटॉइन? यातलं जे असेल ते डॉक्टरांना ठणकावून सांगा आणि नोंदवून घ्यायला लावा.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घाला, दुकानातून आणलेली मल्टिव्हिटॅमिनसुद्धा. सत्तरीपर्यंत रोजची गरज ६०० युनिट, पुढे ८००. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोज ४,००० च्या वर जाऊ नका. आठवड्याची कॅप्सूल रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढतं, किडनीवर येतं. असे लोक मी पाहिलेत. लेबल मोठ्याने वाचून दाखवा. गोळी थोडं तेल-तूप असलेल्या जेवणासोबत घ्यावी.

उत्तर मिळेना, तर व्हीएच्या मोठ्या रुग्णालयांत रुग्णांच्या तक्रारी ऐकणारा ‘पेशंट अॅडव्होकेट’ असतो. तो तीन तारखांचा कागद घेऊन त्याच्यासमोर बसा, आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख हातात पडेपर्यंत उठू नका.