शिंगाच्या धनुष्याची तयारी: शिंग आणण्यापासून सरस लावेपर्यंत

तराजू. यादीत सगळ्यात आधी तराजू लिहा, निदान एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, जमल्यास त्याहून बारीक. करवत, कानस, क्लॅम्प, मास्क हे कोणीही सांगेल. तराजू कुणाच्या यादीत नसतो, माझ्याही नव्हता, आणि त्याच्यावाचून पुढची सगळी मेहनत शब्दशः पाण्यात जाते. कशी, ते उकळण्यापाशी आलो की सांगतो.

शिंग शोधायला निघण्याआधी आराखडा पूर्ण करा. शिंग लागतं धनुष्याच्या पोटाला, म्हणजे नेमबाजाकडे तोंड असलेल्या बाजूला. दोरी खेचली की तिथे दाब पडतो आणि दाब सोसण्यात शिंग लाकडाला भारी पडतं. पाठीवरचा ताण स्नायुरज्जूंचे तंतू घेतात, लाकडाचा गाभा दोघांच्या मध्ये. मुठीच्या मध्यापासून भुजेच्या, म्हणजे मुठीच्या एका बाजूच्या अर्ध्या धनुष्याच्या, टोकाचा न वाकणारा भाग सुरू होतो तिथपर्यंत मोजा. एवढ्या लांबीची सलग पट्टी प्रत्येक शिंगातून निघायला हवी. शिंगाची एकूण लांबी पाहून भुलू नका. टोक भरीव आणि निमुळतं असतं, बुंध्याकडची कड पातळ असते, दोन्ही वाया जातात. टेप शिंगाच्या वळणावरून फिरवा, टोकापासून बुंध्यापर्यंत हवेतून सरळ धरू नका.

कोणाचं शिंग? पाळीव पाणम्हशीचं. लांब, जाड, चपट्या बाजूचं, आणि शतकानुशतकं पारखलेलं. उस्मानी तुर्कांची धनुष्यं त्याचीच आणि कोरियन धनुष्यंही त्याचीच. कोरियात तर या म्हशी नव्हत्या. चोसन राजवटीला शिंगं चीनमार्गे आणावी लागत, म्हणजे सैन्याच्या मुख्य शस्त्राची नाडी शेजाऱ्याच्या हातात. तरीही पहिली पसंती त्याच शिंगाला राहिली, यातच काय ते समजा. गाईबैलांची शिंगं बहुधा आखूड आणि पातळ पडतात, लांब शिंगांच्या जाती सोडून. आफ्रिकेतल्या गेम्सबॉकची, म्हणजे ऑरिक्स गटातल्या हरणासारख्या प्राण्याची, शिंगं जवळजवळ सरळ असल्यामुळे हल्लीचे काही कारागीर ती वापरतात. मेंढ्याचं शिंग पहिल्या कामाला नको, पीळ सरळ करण्यातच जीव जाईल. सांबर-चितळाची शिंगं तर विसराच. ती दरवर्षी गळणारी हाडं आहेत. आपल्याला हवं ते हाडावरचं केराटिनचं, म्हणजे नखं-केस ज्याचे बनतात त्या द्रव्याचं, आवरण.

कायद्याचं एकदाच सांगतो. पाळीव जनावराचंच शिंग घ्या आणि तसा कागद मागा. रानम्हैस वेगळी, तिला संरक्षण आहे. ऑरिक्स म्हणून काहीही खपवलं जातं, पण अरबी आणि स्किमिटर ऑरिक्स हे दोन्ही साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहेत. सीमा ओलांडून मागवणार असाल तर दोन्हीकडचे नियम आधी वाचा. माल अडकल्यावर वाचून उपयोग नाही.

घेताना जोडीच घ्या, एकाच जनावराचं डावं आणि उजवं. दोघांचा पीळ एकमेकांच्या आरशातल्यासारखा असतो, जाडीही जुळते. दोन सुटी शिंगं स्वस्त मिळतात, पण मग एक भुजा कडक आणि दुसरी लिबलिबीत होते. पॉलिश केलेली शिंगं नकोत, चकाकीखाली भेगा लपतात. भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेलं शिंगही नको, ते सुकून पापुद्र्यांत सुटायला लागलेलं असतं. बुंध्याच्या कडेवर पापुद्रे दिसतात का ते बघा, पोकळीत टॉर्च मारा, वाजवून बघा. बद्द आवाज आला तर आत काहीतरी सुटलेलं असण्याची शक्यता आहे. बाहेरच्या वळ्या किती खोल आहेत तेही पाहा, कारण त्या तासून गेल्यावर जी जाडी उरेल तीच खरी. रंगाचा मजबुतीशी संबंध नाही. फिकट शिंगात आतली भेग दिसते एवढा त्याचा फायदा.

बारीक भोकं आणि त्याखाली भुकटी दिसली तर किडा आहे. कातडी-लोकर खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या केराटिन आवडीने खातात. आफ्रिकेत तर शिंगंच खाणारे पतंग आहेत, त्यांच्या अळ्यांच्या नळ्या शिंगावर बोटांसारख्या उभ्या राहतात. असं शिंग परत करा. चांगलं दिसणारंही घरात आणल्याबरोबर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ ते २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. शिंग ताजं असेल तर आतलं हाड आधी निघायला हवं: पाण्यात भिजत ठेवा, मधला थर कुजला की हाड सुटतं. वास येतो. येऊ दे.

कापण्याआधी खुणा. डावं, उजवं, बुंधा, टोक, बाहेरची बाजू. काळ्या शिंगावर पेन्सिल दिसत नाही, अणकुचीदार वस्तूने ओरखडा काढा. कॅलिपरने जागोजागी जाडी मोजून जी रुंद बाजू जास्त जाड आणि सलग असेल तीच निवडा, आणि दोन्ही शिंगांची तीच बाजू. कच्ची पट्टी साधारण ६ मिलिमीटर जाडीची आणि हव्या त्या रुंदीपेक्षा थोडी मोठी ठेवा. कापताना जळक्या केसांचा वास आला तर करवत फार वेगात चालली आहे. मास्क लावा आणि सबंध काम संपेपर्यंत काढू नका. शिंगाची भुकटी फार बारीक असते, आणि कच्च्या प्राणिज मालातून अँथ्रॅक्स झाल्याची उदाहरणं जुनी आणि खरी आहेत.

आता तराजू काढा. पट्ट्या पाण्यात घालण्याआधी दोन्हींचं वजन करा आणि लिहा. वहीत नको, वही हरवते. पट्टीलाच चिठ्ठी बांधा. त्याच शिंगाचा न उकळलेला एक तुकडाही बाजूला काढून त्याचं वजन लिहून ठेवा. आता उकळा. जाडीप्रमाणे अर्धा-पाऊण तास लागतो. पट्टी वाकेपर्यंतच उकळायची, तासन्‌तास शिजवली तर तिची लवचिकता जाते. हीटगनने काम लवकर होतं आणि पट्टी तितक्याच लवकर करपते; सवय नसेल तर पाणीच बरं. क्लॅम्प आधीच उघडून ठेवा आणि फळ्या हाताशी. बाहेर काढल्यावर पट्टी काही सेकंदांत कडक होते, क्लॅम्प शोधायला वेळ मिळत नाही. एका दमात सपाट करायचा हट्ट नको. चर्र आवाज आला की थांबा, पुन्हा उकळा, पुन्हा थोडं दाबा. पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नका. थोडी परत वळेल, ते ठीक आहे.

आणि इथेच माणूस फसतो. पट्टी सपाट, कोरडी, छान दिसते, हाताला कोरडी लागते, आणि लगेच सरस लावावासा वाटतो. लावू नका. शिंग पाणी पितं आणि फुगतं. बाहेरून कोरडं झालेलं आतून ओलंच असतं. तसंच चिकटवलं तर पुढचे महिने ते लाकडावर बसून आकसत राहतं, सांध्यावर सरकता ताण येतो, आणि एखाद्या दिवशी कडेपासून पट्टी उठलेली दिसते. उठली नाही तरी ओलसर शिंग नरम असतं, धनुष्य खेचल्यावर पूर्ण परतत नाही. म्हणून वजन करा. सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा, उन्हात किंवा हीटरसमोर नको, टोकं फाटतात. टोकांना सरसाचा हात दिला तर आणखी चांगलं. दर काही दिवसांनी वजन करा. कमी होत असेल तर थांबा. वजन स्थिर झालं, उकळण्यापूर्वीच्या आकड्याजवळ आलं, आणि तिथेच टिकलं, की मगच पुढे. मधे काही तासून काढलं असेल तर जुना आकडा बाद, नवा लिहा. हवा दमट झाली की सुकलेलं शिंगही वजन वाढवतं. तेवढ्यासाठी तो न उकळलेला तुकडा. तो आणि पट्ट्या सारख्याच प्रमाणात वर-खाली होत असतील तर तो हवेचा खेळ. पट्ट्याच उतरत असतील तर त्या अजून ओल्या आहेत. कॅलेंडर बघून ठरवू नका, हात लावून ठरवू नका. वजन करा.

दुसऱ्यांदा उकळलं तर हे सगळं पहिल्यापासून. हो, थोडासाच वाक काढायचा होता तरीही.

वजन स्थिर झालं की चिकटवायची बाजू गाभ्याला उजेड न दिसता बसेपर्यंत जुळवा. मग दातेरी खरवडणीने शिंगावर आणि लाकडावर लांबीच्या दिशेने खाचा पाडा. तुर्की कारागीर हे नेमाने करत, सरसाला धरायला जागा वाढते. नंतर अल्कोहोलने पुसा आणि त्या बाजूला पुन्हा बोट लावू नका, शिंग मुळात तेलकट असतं. पातळ सरसाचे हात द्या, एकापेक्षा जास्त, प्रत्येक हात सुकू देऊन. या सरसातही पाणी असतं, तेव्हा शेवटच्या हातानंतर दोन-तीन दिवस थांबा आणि, कंटाळा आला असेल तरी, वजन करा.

सरस ६० अंशांच्या आसपास ठेवा, उकळला तर त्याची पकड जाते. शिंगही कोमट करा, थंड शिंगावर तो लगेच गोठतो. मुख्य पट्टीला हात घालण्याआधी उरलेला एक तुकडा त्याच लाकडाच्या तुकड्यावर चिकटवा, नीट वाळू द्या आणि मोडून बघा. लाकडाचे तंतू उपटून आले पाहिजेत. शिंग स्वच्छ सुटलं तर तेल राहिलंय किंवा सरस खराब आहे. चिकटवताना हाताशी हवेत: दोर, पाचरी, मदतीला एक माणूस. मुठीत दोन पट्ट्या भेटतात तिथे फट राहिली तर हाडाचा तुकडा बसवतात, तो आत्ताच कापून ठेवा.