नवे स्पीकर घेण्याआधी जुन्यांची जागा बदला

नाशिकच्या सिडको-इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये नेहमी दिसतं ते असं: खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती मोकळ्या आणि दोन्ही स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबलेले. अशा हॉलमध्ये महागडा ॲम्प्लिफायर आणूनही तबल्याची चाट मोकळी ऐकू येणार नाही.

स्पीकर कप्प्यातून बाहेर काढून भिंतीपासून निदान दीड फूट पुढे ठेवा. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच प्रत्येकापासून तुमच्या खुर्चीपर्यंत. ट्वीटर (स्पीकरमधला बारीक, उंच सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला.

आता मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी एकसारखा आवाज येणारं, रेकॉर्डिंग लावा. आपल्या नाशिकमध्येच जन्मलेले गायक द. वि. पलुसकर १९५५ साली गेले. त्यांची ध्वनिमुद्रणं मोनोच आहेत. गळा बरोबर मधोमध, हवेत ऐकू यायला हवा. आवाज पसरट, पोकळ वाटला आणि खर्ज गायब असेल, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या आहेत का ते बघा. ही चूक भल्याभल्यांच्या घरी सापडते.

मग घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला लावा. (हसतील, हसू द्या.) खुर्चीतून आरशात जिथे ट्वीटर दिसेल, तिथूनच आवाज आपटून कानाशी येतो आणि बारकावे पुसट करतो. तिथे भरलेलं पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा आणि स्पीकर-खुर्चीच्या मधल्या जमिनीवर जाड सतरंजी. भारी केबलचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या.