कासच्या वाऱ्यात ढालकिड्याचा फोटो : माझा अनुभव

साताऱ्याजवळच्या कास पठारावर सप्टेंबरात वारा काही थांबत नाही. तेरड्यावर बसलेला ढालकिडा (ढालीसारख्या पाठीचा किडा) फुलासकट डोलायचा, फोटो धूसर यायचा. जास्त प्रकाश घेऊन शटर वेगवान करावं म्हणून भिंगाचं छिद्र मोठं करून भागत नाही, कारण मग किड्याचा फारच थोडा भाग स्पष्ट येतो. एकास एक मॅक्रोत, म्हणजे किडा सेन्सरवर प्रत्यक्षाएवढाच उमटतो तेव्हा, एफ/११ या लहान छिद्रालासुद्धा फोकसची खोली (स्पष्ट दिसणारा पट्टा) जेमतेम मिलिमीटरभर असते.

उपाय फ्लॅशने झाला. छिद्र एफ/११, शटर १/२०० सेकंद. कमी ताकदीवर फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ चमकतो, म्हणून हालचाल गोठते. पण चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडायचा! दुधी प्लास्टिकचा वाकवलेला तुकडा फ्लॅशपुढे लावून तो किड्याच्या अगदी जवळ आणला, तेव्हा पाठीवरचे ठिपके स्वच्छ दिसले. मागची हिरवळ काळी पडत होती, ती आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० केल्यावर उजळली.

फक्त, जवळ जाण्यासाठी फुलं तुडवू नका. पायवाटेवरूनही भरपूर किडे मिळतात.