अपेक्षा, उपेक्षा, परीक्षा: इंग्रजी शब्द फोडायची रीत

अपेक्षा, उपेक्षा, परीक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण. पाचही शब्दांच्या पोटात एकच धातू आहे, 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. पुढे लागलेला उपसर्ग त्याला कुठल्या कुठे नेतो. इंग्रजीतही असंच चालतं, फक्त तिथले बरेचसे धातू लॅटिन-ग्रीकमधून आलेले, म्हणून परके वाटतात.

उपसर्गांची लांबलचक यादी पाठ करू नका. सुटा उपसर्ग डोक्यात टिकत नाही, शब्दाला चिकटलेला टिकतो. म्हणून वहीचं एक पान एका धातूला द्या. 'स्पेक्ट' घेऊ, अर्थ तोच, पाहणे. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून पाहणे, तपासणे. प्रॉस्पेक्टमध्ये 'प्रो' म्हणजे पुढे, म्हणून पुढे दिसणारी शक्यता. रिस्पेक्टमध्ये 'री' म्हणजे मागे. ज्याच्याकडे वळून पाहावंसं वाटतं त्याच्याबद्दलचा आदर. सस्पेक्टमध्ये 'सब', म्हणजे खालून, चोरून पाहणे, त्यातून संशय. एक्स्पेक्टमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर. बाहेर नजर लावून बसणे. मराठीत आपण 'वाट पाहणे' म्हणतो, ते याहून फार लांब नाही.

आता स्पेलिंग बघा. सस्पेक्टमध्ये 'सब'चा बी दिसत नाही आणि एक्स्पेक्टमध्ये एक्सनंतरचा एस गळालाय. जोडताना अक्षरं अशी बदलतात, हे आपल्या संधीसारखंच. 'नाही' या अर्थाचा 'इन' यात सगळ्यात चपळ: पी, बी, एमच्या आधी तो 'इम' होतो (इम्पॉसिबल), एलच्या आधी 'इल' (इल्लीगल), आरच्या आधी 'इर' (इर्रेग्युलर). उलट 'मिस' आणि 'डिस' सहसा बदलत नाहीत. मिसस्पेलमध्ये मिसचा एक आणि स्पेलचा एक असे दोन एस. डिसअपॉइंटमध्ये मात्र एस एकच, कारण पुढे 'अपॉइंट' आहे. दोन पी आहेत ते त्याचेच. नेमका हाच शब्द लोक उलटा लिहितात, दोन एस आणि एक पी. फोड करून लिहिला की चूक होत नाही.

फोड फसते कुठे? 'इन'चे अर्थ दोन आहेत, 'नाही' आणि 'आत'. इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं नव्हे, चटकन पेट घेणारं. हा गोंधळ जिवावर बेतू शकतो, म्हणून धोक्याच्या पाट्यांवर 'फ्लेमेबल' लिहिणं पसंत करतात. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोलाचं नाही, तर आपलं 'अमूल्य'. 'पेड' दोन घराण्यांचा: पेडेस्ट्रियनमधला लॅटिन, पायाचा, पेडियाट्रिक्समधला ग्रीक, मुलाचा. आणि अंकलमध्ये यू-एन दिसलं म्हणून तिथे नकार शोधू नका.

लॅटिन पेड आणि आपला पद हे नातेवाईकच, कारण लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. डेंटिस्टमध्ये दंत, इनोव्हेटमध्ये नव, डोनेटमध्ये दान, स्टेशनमध्ये 'स्था' सापडतो. मराठी माणसाला हा फुकटचा फायदा आहे, तो जरूर उचलावा. फक्त आवाज जुळला की नातं असेलच असं धरू नका, शब्दकोशातली व्युत्पत्ती पाहा.

शब्दाच्या शेवटी लागणारे प्रत्यय वेगळं काम करतात. अर्थापेक्षा ते शब्दाची जात जास्त सांगतात: 'नेस', 'शन', 'इटी' आले की बहुतेक नाम, 'इफाय', 'आइज' आले की क्रियापद, 'लेस', 'फुल' आले की विशेषण. 'ली' आला की क्रियाविशेषण असं शाळेत शिकवतात, पण ते अर्धंच खरं आहे. फ्रेंडली हे विशेषण आहे. काही प्रत्यय उच्चारातला जोरही हलवतात. फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर, फोटोग्राफीमध्ये 'टो'वर, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रा'वर. तेव्हा नवा शब्द लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारा.

आठवड्याला एक धातू आणि त्याचे सहा-सात शब्द पुरे. प्रत्येक शब्द आधी फोडा आणि अंदाजे अर्थ पेन्सिलीने लिहा. मगच शब्दकोश उघडा. ही क्रमवारी उलटवू नका, कारण अंदाज बांधताना जे डोकं चालतं त्यानेच शब्द बसतो. अंदाज चुकला तर खोडू नका. शेजारी खरा अर्थ लिहा आणि चूक कशी झाली ते दोन शब्दांत नोंदवा, जसं 'इन म्हणजे आत'. शेवटी त्या शब्दाचं स्वतःचं एक वाक्य लिहा. पुढच्या आठवड्यात नवं पान सुरू करण्याआधी जुन्या पानावरचे अर्थ हाताने झाकून फक्त फोडीवरून ओळखा. जे अडतील तेवढेच नव्या पानाच्या कोपऱ्यात उतरवा.